सहीनंतरचा सातवा दिवस

ओरीशाने बटाट्याचं सारण भरलेल्या पेरोहीची कड चिमटून बंद केली आणि घड्याळाकडे पाहिलं. चारला मुदत संपणार होती.

टेबलापलीकडे कीगन बसला होता. सोळाव्या वर्षी हॉकी खेळायला तो या गावात आला, तेव्हा गावच्या क्लबाने त्याला तिच्या घरी राहायला ठेवलं. तीन वर्षं तो तिच्या हातचं जेवला. आता मोठ्या संघात होता, तरी सवड मिळाली की रविवारी यायचा.

त्याचा करार संपताच दक्षिणेतल्या एका क्लबाने पुढे केलेल्या कागदावर त्याने सही केली होती. त्याच्या सध्याच्या क्लबाने सात दिवसांत तेवढाच पगार कबूल केला तर तो इथेच राहणार, नाहीतर गेला. पण सगळ्या संघाचा मिळून पगार ठरलेल्या मर्यादेतच बसवावा लागे.

फोन थरथरला. कीगनने वाचलं.

"नाही जमत म्हणतात."

"कितीने हुकलं?"

"थोडक्यात. तोच तर चमत्कार आहे, तेता." मावशीला तो तिच्याच भाषेत तेता म्हणायचा. " दक्षिणवाल्यांनी आमच्यात बसून मोजल्यासारखा आकडा लिहिलाय."

"मॅनेजर झोपा काढतो तुमचा. खा आता."

त्याने काटा उचलला नाही. "आणि हे बघ. माझ्यासाठी घरही पाहून ठेवलंय. एक खोली खाली, जिना नको म्हणून. न्हाणीत धरायला दांडा. मी विचारलं, हे कोणासाठी? तर म्हणे, ओरीशाबाई येतील ना. मी तुझं नावसुद्धा काढलं नव्हतं."

न्हाणीत ती पडली होती ते कीगनलाही ठाऊक नव्हतं. ओरीशाने टेबलाखाली गुडघा हळूच आखडून घेतला.

हिवाळाभर दर मंगळवारी एका बाईचा फोन यायचा. खेळाडूंना घरी सांभाळणाऱ्या बायकांवर पुस्तक लिहितेय म्हणायची. घाई नाही, मध्ये बोलणं नाही. कीगनला झोप कशी लागते, घरची आठवण येते का, पगारात क्लब कुठवर ताणू शकेल असं तो म्हणतो. आपल्या मुलाचं कौतुक कोण विचारतं आजकाल? ओरीशाने सगळं सांगितलं होतं, आणि मग स्वतःचंही: न्हाणीतलं पडणं, म्हातारपणी कशी खोली हवी ते.

"ही खालची खोली," कीगन म्हणाला आणि पुढच्या फोटोवर बोट नेलं.

"थांब," ओरीशा म्हणाली. पिठाचे हात तिने एप्रनला पुसले, पुन्हा पुसले. "खिडकी पूर्वेला असेल. आणि खिडकीत लाल जिरेनियमच्या दोन कुंड्या."

कीगनने फोटो उघडला. खिडकीत दोन कुंड्या होत्या, लाल फुलांच्या. मग त्याने वर पाहिलं.