दुसरं बोलावणं

माझ्या पोरीला वाटतं की मी एकटा आहे. आता बायको, माझी नलू, गेली त्याला वर्ष होऊन गेलं हे खरं, पण म्हणून माणूस लगेच एकटा होतो का? वर्षाली रोज संध्याकाळी पुण्याहून फोन करायची. "जेवलात का बाबा? कोणी आलं होतं का?" आणि मी ठोकून द्यायचो, "आत्ताच उठून गेला बंडू. नानाजी आले होते. अंगणात पाय ठेवाले जागा नव्हती." खरं म्हणजे अंगणात एक खाट, खाटेवर मी आणि कुंपणाच्या फटीतून आलेली शेजारच्या बंडूची शेळी. तीसुद्धा माझ्यासाठी नाही, पाल्यासाठी यायची.

जानेवारीत वर्षाली आली ती मनाशी ठरवूनच आली.

"बाबा, घराले कुलूप लावा अन् चला माझ्याकडं."

"मले इथं कायची कमी आहे?"

"माणसायची," ती म्हणाली.

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "रविवारी मारुतीच्या पारावर रोडगे करू. सारी गल्ली येते का नाई ते तूच पाय. नाई आली, तं येतो तुह्यासंगं पुण्याले." तोंडातून गेलं ते गेलं. माझ्या जिभेला हाड नाही, असं नलू म्हणायची ते काही उगाच नाही.

शनिवारी संध्याकाळी मी स्वतः दारोदार फिरलो. "उद्या दुपारी पारावर रोडगे. येजा सारे." बंडू म्हणाला, "येतो ना नत्थू, काऊन नाई येत?" समोरचे नानाजी म्हणाले, "वा!" बंडूच्या बायकोने, कमलाने तर हात जोडले. मी छाती काढून घरी आलो आणि राखेत भाजायच्या रोडग्यांसाठी दोन पायल्या गव्हाचं जाडं पीठ काढून ठेवलं.

रविवारी सकाळी वर्षालीने घरची स्कूटर काढली. मागे मी, मांडीवर वरणाचा डबा आणि वांग्याच्या भाजीचं पातेलं, पायाशी गोवऱ्यांचं पोतं. नाल्यापलीकडे चिंचेखाली मारुतीचा पार. लग्न झाल्यापासून रोडग्याला विस्तवाचं काम माझं. मी आधी पुढे जायचो, वर्षाली लहान होती तेव्हा माझ्यामागे धावत यायची आणि आम्ही दोघं जाळापाशी बसायचो. नलू घरी थांबायची. रोडगे राखेत दबले की वावरातल्या वाटेवर ती दिसायची, मागे सारी गल्ली, बायांच्या हातात आपापली ताटं. दरवर्षी असंच. ताट वाढायच्या वेळी माणसं आपसूक उगवतात, असंच मला वाटत आलं.

आम्ही दोघांनी कणीक मळली. "पाणी जास्त झालं," मी म्हटलं. "मीठ तुम्ही दोनदा टाकलं," ती म्हणाली. पारीत पारी घालून गोळे केले, गोवऱ्या फुलल्यावर त्यावर भाजले, मग गरम राखेत दाबले. वर्षालीच्या गालाला राख लागली होती. पुण्यात ती कोणत्या तरी मोठ्या हापिसात बसते, पण त्या दिवशी ती मला दहा वर्षांची दिसली. मला फार बरं वाटत होतं. मी पहिला रोडगा मारुतीपुढे ठेवला, पत्रावळ्या मांडल्या आणि वाटेकडे तोंड करून बसलो.

तुरी निघालेल्या वावरातून वाट थेट गावापर्यंत दिसते. वाटेवर कोणी नव्हतं.

"येतीन," मी म्हटलं. "बाया आहेत, तयारीले वेळ लागते."

वरण दोनदा गरम केलं. सावली पाराच्या पलीकडे सरकली. एक माणूस दिसला म्हणून मी उठून उभा राहिलो, तर तो त्याची म्हैस शोधत होता. त्याने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बंडूकाकाले फोन करू का?" वर्षालीने हळूच विचारलं.

"काही गरज नाई! जेवाले याले फोन करा लागते का? भीक मांगून राह्यलो का आपण?"

मग आम्ही जेवलो. इतक्या पत्रावळ्यांमधल्या दोनच. रोडगे निवले की दगड होतात, तसे ते झाले होते. वर्षालीने माझा रोडगा फोडून त्यात तूप सोडलं. बोलली असती तर भांडता आलं असतं. मला लाज वाटत होती, राग येत होता, आणि या दोन्हींच्या तळाशी मला इतकं एकटं वाटत होतं, की नलू गेली त्या दिवशीही तसं वाटलं नव्हतं. त्या दिवशी निदान घरात माणसं होती.

"काढ तिकीट," मी म्हटलं. "माहंही काढ."

रोडग्यांची टोपली घेऊन आम्ही गल्लीत शिरलो, तर कमला दारात बसलेली. अंगावर काठाची साडी, केसांत फूल, शेजारी पिशवीत ताट-गिलास. समोर नानाजी टोपी घालून ओट्यावर. सगळ्यांची तोंडं फुगलेली. मी स्कूटरवरून उतरलो तो भांडायच्या तयारीनेच उतरलो.

"काऊन व कमला, आमच्या रोडग्यात किडे पडले होते का?"

"वा जी भाऊजी!" ती उसळली. "सकाळपासून चूल नाई पेटवली आमी. लेकरं उपाशी हायेत. बोलावनं कुठी आलं?"

"काल दारात येऊन सांगतलं ना!"

"ते सांगनं झालं. बोलावनं नाई झालं. पान वाढल्यावर कोनी बलावाले नको? तसंच उठून जा म्हन्ता, भुकेजल्यावानी?" मग तिचा आवाज उतरला. "नलूबाई येत जाय ना जी. दर दाराशी उभी राहून म्हने, चाला बाई, तुमच्यासाठीच थांबलो."

एवढ्या वर्षांत मी नलूला वाटेवर येताना पाहिलं होतं, निघताना कधी पाहिलं नव्हतं.

बंडू कुंपणापाशी आला होता. त्याच्याकडे पाहवेना, तरी मी विचारलं, "अन् संध्याकाळी रे बंड्या? सालभर तू अंगणात नाई आला."

"वहिनी आवाज देत जाय, च्या झाला म्हणून," तो म्हणाला. "तू कधी देल्ला? आमाले वाटलं, नत्थूले आता माणसं नको असतीन."

मग मी टोपली वर्षालीच्या हातात दिली आणि पुन्हा पहिल्या दारापासून निघालो. "चाला जी, तुमच्यासाठीच थांबलो." दर दाराशी आवाज बसत गेला. शेवटच्या दाराशी तर नुसते ओठ हलले, पण ते लोक उठले. माझ्या अंगणात पंगत बसली. ते दगड सगळ्यांनी वरणात भिजवून खाल्ले. मीठ जास्त झालंय हे कोणीही बोललं नाही. वर्षाली वाढता वाढता मध्येच थांबली, पदर नाही म्हणून ओढणीने डोळे पुसले आणि म्हणाली, "बाबा, तिकीट एकच काढते मी."

दुसऱ्या दिवशी ती गेली. बसस्टँडवरून परत आलो तर अंगण झाडून ठेवलेलं, पत्रावळ्या उचललेल्या, खाट जागच्या जागी. आता मी इथेच राहणार होतो. मीच मागून घेतलं होतं.

संध्याकाळी पातेलंभर चहा ठेवला. उकळला तसा कुंपणापाशी जाऊन उभा राहिलो. दारोदार फिरताना मागे पोरगी होती, आता कोणी नव्हतं. आवाज द्यायची सवय नाही माणसाला. घसा खाकरला, बंडूच्या घराकडे तोंड केलं आणि ओरडलो, "नलू, च्या झाला व!"

तोंडून निघून गेलं. मी तसाच तारेला धरून उभा राहिलो. गल्लीत कोणी हसलं नाही. शेळीने मान वर केली.

मग पलीकडे खाट करकरली, आणि बंडू म्हणाला, "आलो."