पंप एकाकडे, पेटी दुसऱ्याकडे

मी एक जुना टायर आहे. चार जाड चाकांची, हँडलवर चालणारी जी उघडी गाडी असते, जिला सगळे एटीव्ही म्हणतात, तिचा पुढचा डावा टायर. मित्रांनो, कारखान्यातल्या तापलेल्या साच्यातून मी बाहेर पडलो, तेव्हा माझ्या अंगावरच्या खाचांत बोटाचे पेर बुडत असे. आता त्या खाचा झिजल्या आहेत. राग तेवढा शाबूत आहे.

दोन भावांनी त्यांच्या उतारावरच्या फळबागेसाठी आमची गाडी घेतली. ती चालवायला शिकली मात्र थोरल्याची बायको. धाकटा तिला वहिनी म्हणतो, म्हणून मीही वहिनीच म्हणतो. फळांच्या पेट्या मागे बांधून ती उतारावरून खालच्या रस्त्यापर्यंत जायची. त्या वाटेवर उजवीकडे एक अवघड वळण आहे आणि डावीकडे खोल चर. वळणावर सगळा भार माझ्यावर यायचा. मी कधी हूं की चूं केले नाही. थोरला मला थोपटून म्हणायचा, "हा आहे म्हणून आपलं चाललंय." त्या दिवसांत मला बरे वाटायचे, खोटे का बोलू?

मग भाऊ वेगळे झाले. कशावरून, ते आता त्यांनाही धड सांगता येणार नाही. बागेच्या मधोमध तारेचे कुंपण घातले. तारेचे भेंडोळे वाहून न्यायला वहिनीने गाडी चालवली आणि दोघे भाऊ भेंडोळे धरून मागे बसले होते. दोघे एकत्र बसले ते तेवढेच शेवटचे. त्याच दिवशी तारेचा एक तुकडा माझ्या अंगात घुसला.

अवजारांचीही वाटणी झाली. हवा भरायचा पंप थोरल्याकडे गेला आणि पंक्चर काढायची पेटी धाकट्याकडे. गाडीचे काय करायचे यावर एकमत होईना, म्हणून गाडी सामाईक राहिली. दोघांच्या पेट्या खाली पोचवायचे कामही वहिनीकडेच राहिले. तिला कुणी विचारलेसुद्धा नाही.

माझी हवा हळूहळू उतरू लागली. आमच्या जातीच्या टायरांत हवा मुळातच कमी असते, त्यामुळे मऊ पडलेला टायर नुसत्या डोळ्यांना कळत नाही. हाताला कळतो. वहिनीच्या हाताला कळला. तिने साबणाचे पाणी माझ्यावर ओतले, बुडबुडे कुठे येतात ते पाहिले आणि तिथे खडूने खूण केली.

"अहो, तार घुसलीय," ती थोरल्याला म्हणाली. "ती उपसून भोकात रबराची वात बसवायची, झालं. पेटी तेवढी आणा भावोजींकडून."

"मी का मागू? माझा पंप आहे ना, हवा भरतो रोज."

ती कुंपणापाशी गेली. धाकटा पलीकडे छाटणी करत होता.

"वहिनी, पेटी पडूनच आहे माझ्याकडे. दादाला म्हणावं, ये आणि घेऊन जा. मी नाही म्हणणार नाही."

"मलाच द्या ना."

"तुम्हाला दिली तर तो माझ्याशी बोलायचा राहिला तो राहिलाच."

"वळणावर चाक बसलं तर गाडी चरात जाईल, भावोजी."

"तेच सांगा दादाला."

तिने सांगितले. थोरल्याने पंप उचलला आणि मला टम्म भरले. मी संध्याकाळपर्यंत पुन्हा मऊ झालो. रोज तेच. हवा भरणे म्हणजे दुरुस्ती नव्हे, हे दोघांनाही पक्के ठाऊक होते. पण एकाचा मान मागण्यात अडकला होता आणि दुसऱ्याचा देण्यात. माझ्या अंगावरचा खडू पुसला गेला. वहिनीने पुन्हा खूण केली. तीही पुसली गेली.

शेवटी व्हायचे तेच झाले. पेट्या जरा जास्त होत्या. वळणावर भार माझ्यावर आला आणि मी लोखंडी रिंगेवरून निसटलो. गाडी डावीकडे कलंडली. वहिनीचा डावा पाय खाली सापडला. ती ओरडली तेव्हा कुंपणाच्या दोन्ही बाजूंनी दोघे धावत आले आणि दोघांनी मिळून गाडी उचलली. वाईट याचे वाटते, की उचलता उचलता थोरला म्हणाला, "टायरनंच घात केला." धाकट्याने मान डोलावली. एवढ्या दिवसांत त्यांचे प्रथमच कशावर तरी एकमत झाले.

पुढे धाकट्याने आपणहून पेटी आणली. थोरल्याने मला रिंगेवर बसवून पंप मारला. तार निघाली, वात बसली, हवा धरली. केवढे काम होते? केलेला चहा निवला नसेल तोवर आटोपले.

वहिनी कुबडी टेकत दारात आली. पाय गुडघ्यात वाकत नव्हता आणि आता वाकणारही नव्हता.

"वहिनी, आता जराही हवा जात नाही," धाकटा म्हणाला. "दादानं आणि मी मिळून केलं."

तिने एकदा मला पाहिले, मग त्या दोघांना.

"छान केलंत," ती म्हणाली. "आता चालवायला कुणी तरी बघा."

मित्रांनो, मी इथे पडवीत उभा आहे, अगदी टणक. माझी काही तक्रार नाही, असे म्हणणार नाही. तक्रारच आहे. तुमच्या घरातले काही हळूहळू रिते होत असेल, तर रोज भरून वेळ मारून नेऊ नका. आधी भोक बुजवा. कुणी कुणाकडे जायचे, ते मग बसून ठरवा.