फळ्यावरचे सासरे

सातवीच्या मुलांनी लिहिलेले ‘माझी आवडती व्यक्ती’ हे निबंध तपासता तपासता भाषेच्या बाई वैतागून गेल्या. निम्म्या वर्गाची आई ‘मायेचा सागर’ होती, उरलेल्यांचे वडील ‘कष्टाळू आणि प्रेमळ’. एकाचा निबंध दुसऱ्याच्या नावावर सहज खपला असता. आणि जिची जीभ वर्गात कधी टाळ्याला लागत नसे, जिला सगळे रेडिओच म्हणत, तिने तर दोन ओळींतच हात टेकले होते.

दुसऱ्या दिवशी बाई कुणावर ओरडल्या नाहीत. आज मी लिहिते, तुम्ही तपासा, असं म्हणून त्यांनी खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं, ‘माझे सासरे अतिशय शिस्तप्रिय आहेत.’ पुढे काही सुचेना. सगळा वर्ग टक लावून बघतोय म्हटल्यावर बाईंची कानशिलं तापली.

“शिस्तप्रिय म्हणजे नक्की काय करतात?” रेडिओने विचारलं.

बाईंनी आठवून सांगितलं. पेपर वाचून झाला की सासरे त्याची इस्त्री केल्यासारखी घडी घालतात, आणि नंतर तो कुणी चाळला तर घडीवरून बरोबर ओळखतात. वर्गात खसखस पिकली. मग रागावतात का, असं कुणीतरी विचारलं. रागावत नाहीत, फक्त आपल्यासमोर बसून सावकाश पुन्हा घडी घालतात, बाई म्हणाल्या. बोलता बोलता त्यांनी ‘अतिशय शिस्तप्रिय’ पुसलं आणि घडीचंच लिहायला घेतलं. वाक्यं खोडली, मुलांनी सुचवलेला एक शब्द घेतला. इतकी वर्षं शिकवत होत्या, पण मुलांसमोर असं अडखळत लिहायची ही पहिलीच वेळ.

मग त्यांनी जोड्या लावल्या. एकाने सांगायचं, दुसऱ्याने खोदून खोदून विचारायचं, आणि सांगणाऱ्याने आपली उत्तरं कागदावर उतरवायची. वर्गाचा पार बाजार झाला. रेडिओ मात्र नुसतंच पेन धरून बसली होती.

“मला बोलता येतं बाई. लिहायला बसलं की सगळं पळून जातं.”

“मग पळायच्या आत एकच गोष्ट धर. मावशीबद्दल सांगत होतीस ना? कामावरून आली की ती आधी काय करते?”

गलका ऐकून मोठ्या बाई दारात आल्या. मोठ्या बाई बाकांमधून फिरल्या आणि रेडिओच्या मागे थबकल्या. कागदावर होतं, ‘माझी मावशी बस चालवते. घरी आली की खुर्चीवर पाय टाकून डोळे मिटते. आजीने हाक मारली की म्हणते, पुढच्या थांब्यावर बोलू.’

मोठ्या बाईंना हसू आवरेना. शेजारच्या वर्गात परीक्षा चालू आहे, तेवढं दार लावून घ्या, एवढंच सांगून त्या गेल्या.

घंटा झाली तशी मुलं कागद टेबलावर ठेवून निघाली. कुणाच्या चार ओळी होत्या, कुणाचं पानभर. सगळंच काही झकास नव्हतं, दोघातिघांचे सागर अजून आटले नव्हते. रेडिओ जागची हलली नव्हती.

“बाई, अजून एक कागद द्या ना,” मान वर न करता ती म्हणाली. “मावशी अजून संपली नाही.”

बाईंनी दोन दिले.