लिओनाचा उजवा पाय

मित्रांनो, माझ्यात कधी कुणी कणीक भिजवली नाही की कपडे बुचकळले नाहीत. मी एक जुने तसराळे आहे, पांढऱ्या मुलाम्याचे, निळ्या काठाचे. माझे काम वर्षातून दोनदाच, वसंतात आणि पानगळीत. पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या मेनोनाइट पंथाच्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजनाच्या दिवशी, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण करत भाकर आणि द्राक्षारस घेतात त्या दिवशी, माणसे एकमेकांचे पाय धुतात. येशूने शिष्यांचे धुतले आणि तुम्हीही धुवा म्हणाला, म्हणून. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. मी बायकांकडचे.

खरे सांगायचे तर मळलेला पाय मी क्वचितच पाहिला. सगळ्या जणी घरूनच टाचा घासून येत. कुणाच्या बोटांना नव्या मोज्यांचे धागे तेवढे चिकटलेले असत. शेजारी बसली असेल तिचे पाय धुवायचे, मग तिने आपले, मग गळाभेट. तरी माझी स्तुती होई. "हे तसराळं बाई, आमच्या आजेसासूपासूनचं," असे कुणी म्हटले की मला बरे वाटे.

पण एक नियम होता. आधीच्या रविवारी प्रत्येकीने उभे राहून म्हणायचे, "देवाशी आणि माणसांशी माझा सलोखा आहे." जिला म्हणता येत नाही, तिने प्रभुभोजनाला बसायचे नाही.

वर्ना ब्रुबेकरला ते म्हणता येत नव्हते, म्हणून ती प्रभुभोजनाला बसत नसे. तिची लहानगी लोइस अंगणात खेळत होती. शेजारची लिओना ग्रॉफ अंडी द्यायला आली होती. निघताना तिने गाडी मागे घेतली आणि लोइस चाकाखाली आली. लिओनाच्या मनात काही वाईट नव्हते, पण मूल गेले ते गेलेच. दफनाच्या दिवशीच वर्नाने सर्वांदेखत "मी तिला क्षमा केली" असे म्हटले. आमच्यात तसे म्हणतातच. तोंडाने म्हटलेले पोटात उतरायला मात्र वेळ लागतो.

आमची माणसे भली, जरा जास्तच भली. दोघींना त्रास नको म्हणून बायकांनी न बोलता ठरवून टाकले की वर्ना पुढच्या बाकावर, लिओना अगदी मागच्या. मंडळीच्या एरवीच्या जेवणांतही दोघी दोन टोकांना. अशी कितीतरी वर्षे गेली. लिओनाने त्याचा अर्थ असा घेतला की आपण कुणाच्या डोळ्यांसमोर येऊच नये. ती वाळत गेली. पाय धुवायच्या वेळी ती बाहेर जाऊन उभी राही. तिच्याविना माझ्यातले पाणी निवायचे, आणि मला फार वाईट वाटायचे.

एका पानगळीत, त्या आधीच्या रविवारी, वर्ना उभी राहिली. म्हणाली, "माझा सलोखा नाही. पण मला तो करायचाय."

मंडळीचे पाळक उठून तिच्यापाशी आले. मग म्हणाले, "ये तर."

प्रभुभोजनाच्या दिवशी तिने मला उचलले आणि सरळ मागच्या बाकाकडे नेले. लिओना उठायच्या बेतात होती.

"वर्ना, तू चुकून इकडे आलीस."

"नाही."

वर्ना गुडघ्यांवर बसली. लिओनाने उजवा पाय बाकाखाली ओढून घेतला.

"हा नको. गाडीच्या पेडलवर हाच होता."

"ठाऊक आहे," वर्ना म्हणाली. "तोच दे आधी."

मित्रांनो, तो पाय माझ्यात कसा थरथरत होता ते मी कसे सांगू? वर्नाने तो दोन्ही हातांत धरून धुतला. वर्नाचे पाय धुणे लिओनाला जमलेच नाही. तिला नुसते रडू येत होते.

नंतर दोघी तळघरातल्या स्वयंपाकघरात मला विसळत होत्या. लिओना म्हणाली, "तुला हे सगळं अजून खरं वाटतं? माझा विश्वास कधीच उडालाय."

"मला तुझ्यावर चिडणारा देव हवा होता," वर्ना म्हणाली. "मी घडवला असता तर तसाच घडवला असता. हा म्हणतो, खाली बस, तिचे पाय धू. हे माझ्या डोक्यातलं नाही गं, एवढी मी चांगली नाही. म्हणून खरं वाटतं." जरा थांबून ती म्हणाली, "आणि त्याचंही लेकरू क्रुसावर मारलं गेलंय. दुसरं कुणी क्षमा शिकवायला आलं असतं, तर मी दार लावून घेतलं असतं."

"मग राग गेला तुझा?"

"नाही. सकाळी उठले की असतोच."

लिओना मला पुसत राहिली. मग हळूच म्हणाली, "वसंतात मी धुईन तुझे. शेजारी बसशील?"

"बसेन."

त्या हिवाळ्यात लिओनाला न्यूमोनिया झाला आणि ती गेली.

वसंतात वर्ना मागच्याच बाकावर बसली. शेजारची जागा रिकामी दिसताच एक भली बाई लगबगीने येऊन बसली आणि मला पुढे ओढून तिचे पाय धुऊ लागली. वर्नाने धुऊ दिले. मग ओंजळीत तोंड लपवून ती रडली.

"इतकी वर्षं ती याच खोलीत होती," ती म्हणाली, "आणि मी एकदाच आले."

आता माझा तळ गंजला आहे, माझ्यात पाणी राहत नाही. मला नीट ठेवा असे मी म्हणत नाही. एवढेच मागते, की दोन दुखावलेली माणसे दिसली, तर दयेपोटी त्यांना दूर दूर बसवू नका.