केतकरांचं बोलणं

बाळ केतकरांच्या जिभेला कर्वेनगरातली त्यांची सगळी सोसायटी वचकून असायची. पंपाच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून त्यांची नोकरी झाली. कागदावरची रेष तिरकी गेलेली त्यांना खपत नसे आणि तोंडातलं वाक्य सरळ गेलेलं. लिफ्ट बंद पडली की सेक्रेटरींना म्हणायचे, "असू दे, घाई करू नका. आमचं आता वर जायचंच वय आहे, जिन्यानं जातो." पेपर उशिरा आला की पोऱ्याला विचारायचे, "उद्याचा आणलायस का रे?" आणि त्यांच्या मागून सुशीलाबाई हळूच म्हणायच्या, "मनावर घेऊ नका हं, त्यांचं असंच असतं." लग्न झाल्यापासून हे वाक्य त्या इतक्या लोकांना म्हणाल्या होत्या की आता ते आपोआप निघायचं.

त्या उन्हाळ्यात सुशीलाबाईंच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी डोळा दाखवायला जायचं होतं. रिक्षावाला मीटरनं येईना. केतकरांनी त्याला "विमानानं नेणार आहात का?" असं विचारलं, तो निघून गेला, आणि मग केतकरांनी स्कूटर काढली.

"अहो, दुसरी रिक्षा बघू या ना," सुशीलाबाई म्हणाल्या.

"बस मागे. हळू नेतो."

सुशीलाबाईंच्या डोळ्यांवर मोठा काळा चष्मा होता. त्यावरून हेल्मेट बसेना, म्हणून त्यांनी ते हातातच धरलं. ऑपरेशन झालेला डोळा झाकलेला, दुसऱ्यातही मोतीबिंदू. त्यांना रस्ता म्हणजे नुसता पांढरा धूर दिसत होता. नवऱ्याच्या शर्टाची पाठ तेवढी कळत होती.

चौकात सिग्नल लागला. मागून बसनं हॉर्न मारला म्हणून केतकर थोडे पुढे सरकले, तोच एक हात आला आणि त्यानं स्कूटरची किल्ली काढून घेतली.

"झेब्रावर गाडी हाय. मागच्या बाई बिनहेल्मेट. घ्या बाजूला."

हे वाहतूक पोलीस सर्जेराव कुंजीर. मूळचे मांजरी गावचे. सकाळपासून त्या चौकात उभे होते.

"किल्ली काढून घ्यायचा अधिकार तुम्हाला नाही," केतकर म्हणाले. "माहीत नसेल तर आता कळलं. माहीत असेल तर परत द्या."

"काका, शहाणपणा नको."

"आणि झेब्रा कुठाय? गेल्या पावसाळ्यातच पुसला गेला तो. तुम्हाला दिसत असेल तर हिच्या डॉक्टरांना भेटा. असली नजर त्यांनीही बघितली नसेल."

आजूबाजूचे स्कूटरवाले हसले. कोणी तरी शिट्टी मारली. कॉलेजच्या पोरांनी मोबाइल वर केले. सुशीलाबाईंनी नेहमीसारखं तोंड उघडलं, "मनावर घेऊ नका हं..."

वाक्य पुरं व्हायच्या आत काही तरी फटकन वाजलं. त्यांना वाटलं टायर फुटला. पुढची पाठ एकदम बाजूला कलली, स्कूटर डगमगली, आणि कोणी तरी त्यांना दंडाला धरून खाली उतरवलं. "आजी, सांभाळा. काकांचा चष्मा पडलाय."

"काय झालं? अहो, काय झालं?"

"काही नाही," केतकर म्हणाले. "चल, बस."

पुढे किल्ली फिरल्याचा आवाज आला. ते दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी डोळा छान आहे म्हणून सांगितलं. परत येईपर्यंत केतकर एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर सुशीलाबाईंनी चाचपून त्यांच्या गालाला हात लावला, तो गरम होता.

संध्याकाळी बिबवेवाडीहून त्यांची मुलगी सोनाली धावत आली. तिच्या ऑफिसच्या ग्रुपवर व्हिडिओ आला होता. वर लिहिलं होतं, 'पुणेरी काकांना प्रसाद'. खाली हसण्याची चित्रं.

"बाबा, मी कम्प्लेंट करणार. उद्याच."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? त्यांनी तुम्हाला मारलंय!"

केतकर उठून आतल्या खोलीत गेले. दार लावताना त्यांनी बायकोला विचारलं, "तू बघितलास का तो व्हिडिओ?"

"मला कुठं दिसतंय काही?"

"बघू नकोस."

सोनालीनं तक्रार दिली. इकडे केतकरांनी खाली उतरणं बंद केलं. लिफ्ट पुन्हा बंद पडली तेव्हा सेक्रेटरी स्वतः वर आले, दारात जरा थांबले, काही तरी ऐकायला मिळेल म्हणून. केतकर म्हणाले, "बरं." सेक्रेटरींना काय करावं सुचेना. ते म्हणाले, "काका, काही लागलं तर सांगा," आणि गेले. सुशीलाबाई भाजीवाल्याशी दारातून जरा मोठ्यानं बोलल्या की आतून आवाज यायचा, "हळू बोल. लोक ऐकतात."

चौकशीसाठी पोलीस खात्यातल्या साहेबांचं बोलावणं आलं तोवर सुशीलाबाईंचा डोळा बरा झाला होता. तिघंही रिक्षानं गेले. साहेबांनी खुर्च्या दिल्या, चहा मागवला. भिंतीजवळ सर्जेराव टोपी काखेत धरून उभे होते. सुशीलाबाईंनी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. त्यांना वाटलं होतं कोणी राक्षसासारखा असेल. हा तर उन्हानं रापलेला, ओठ फुटलेला, सोनालीच्या वयाचा माणूस होता.

"आजी, तुम्ही मागे बसला होता. काय घडलं ते तुम्हीच सांगा," साहेब म्हणाले.

"मला तेव्हा दिसत नव्हतं हो."

साहेबांनी मोबाइल त्यांच्यापुढे धरला. "मग हे बघून सांगा, हेच तुमचे मिस्टर ना?"

नको म्हणायच्या आत व्हिडिओ सुरू झाला. थप्पड बसली. चष्मा उडाला. एवढं त्यांनी मनात धरलंच होतं. पण मग सर्जेरावांनी पुन्हा हात उगारला आणि केतकरांनी, त्यांच्या केतकरांनी, भर चौकात दोन्ही हात जोडले. मान खाली घातली. ओठ हलले. गाड्यांच्या आवाजात शब्द ऐकू येत नव्हते, पण ते काय म्हणाले हे सुशीलाबाईंना कळलं. चुकलो साहेब.

"हेच," त्या म्हणाल्या आणि मोबाइल उलटा ठेवला.

सर्जेराव पुढे आले. "मावशी, चूक झाली माझी. लोकं हासायला लागली आन् डोकं फिरलं. माझा बाप बी काकांएवढाच हाय. गावात कुणीतरी त्येलाबी त्यो व्हिडिओ दावला. माझ्याशी बोलत न्हाय त्यो."

"ते आधी सुचायला हवं होतं," सोनाली म्हणाली.

"निलंबित केलंय त्यांना," साहेब म्हणाले. "खात्याची चौकशी चालेल. केतकर साहेब, तुम्हाला काही बोलायचंय यांच्याशी? बोला. तुमचा हक्क आहे."

सगळे थांबले. सुशीलाबाईंनी मनातल्या मनात देवाला हात जोडले. बोला हो, काही तरी बोला. लागेल असं बोला. मी कुणाची माफी मागणार नाही आज.

"ठीक आहे," केतकर म्हणाले. "निघतो आम्ही."

ते उठले आणि साहेबांपुढे त्यांचे हात आपसूक जुळायला लागले. अर्ध्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी हात खाली घेतले, पँटच्या खिशात घातले, आणि तसेच बाहेर गेले.

सोनाली त्यांना घरी सोडून परत गेली. ऊन उतरल्यावर सुशीलाबाई चहा घेऊन गॅलरीत आल्या.

"बघितलंस तू आज," केतकर म्हणाले.

"हो."

त्यांनी कप हातात घेतला. मग सुशीलाबाईच म्हणाल्या, "माझ्यासाठी जोडलेत ना हात? मी मागे, मला दिसत नव्हतं, स्कूटर पडली असती..."

केतकरांनी कपाकडे पाहिलं. होय म्हटलं असतं तर संपलं असतं, आणि सुशीलाबाईंनी त्यासाठीच ते वाक्य त्यांच्या हातात दिलं होतं.

"नाही गं," ते म्हणाले. "तू मागे आहेस हे मी विसरलोच होतो. भीती वाटली मला. पुन्हा मारेल म्हणून. बास, एवढंच."

सुशीलाबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांना पुष्कळ बोलावंसं वाटलं. यात लाज कसली, कोणीही घाबरलं असतं. पण ते सगळं दुसऱ्यांना समजावण्याचं बोलणं होतं. त्यांनी हात तसाच राहू दिला.

पावसाळ्यानंतर केतकर पुन्हा फिरायला जाऊ लागले, पण आतल्या गल्ल्यांतून, चौक टाळून, आणि सुशीलाबाईंना बरोबर घेऊनच. लोक भेटतात, ओळखीचं हसतात. केतकर मान हलवतात. एकदा गल्लीच्या तोंडाशी पांढरा शर्ट आणि खाकी पँट घातलेला एक पोलीस गाडीत हवा भरून घेत होता. तो यांच्याकडे बघतही नव्हता. केतकर थांबले आणि मागे वळले. "तिकडून जाऊ या," ते म्हणाले.

तिकडून वाट लांबची होती आणि सुशीलाबाईंचे गुडघे दुखत होते. त्या म्हणाल्या, "चला. तिकडून सावली आहे."

सावली नव्हती.