पंप शेवटच्या ओळीत होता

मी एक जुना कीबोर्ड आहे, मित्रांनो. माझ्या निम्म्या कळा आता दाबल्या तर उठत नाहीत. उरलेल्या धड आहेत तोवर मला एक गोष्ट सांगून टाकायची आहे.

कारखान्यातून निघालो तो थेट एका रुग्णालयाच्या डायलिसिस विभागात आलो. ज्यांची मूत्रपिंडे काम करत नाहीत, त्यांचे रक्त तिथे यंत्रावर शुद्ध करतात. दर दोन-तीन दिवसांनी ते करावेच लागते. खोलीत पाच खुर्च्या, पाच यंत्रे आणि दाराशी आमचे टेबल. माझ्यावर लिहायच्या कारकूनबाई. त्यांची बोटे हलकी होती. पत्र असे गोड लिहायच्या की डॉक्टर म्हणत, "बाई, तुमची भाषा म्हणजे रेशीम!" मीही मनातल्या मनात फुलून जाई. तेव्हा मला काय ठाऊक!

एका सोमवारी तंत्रज्ञ हात पुसत आला. "बाई, यंत्रांना शुद्ध पाणी देणारा पंप आचके देतोय. फार तर चार दिवस काढेल. कंपनीला मेल टाका."

बाईंनी लगेच लिहायला घेतले. विषय, 'नम्र विनंती'. मग कंपनीशी असलेला जुना स्नेह, आजवरचे सहकार्य, आभार. चौदा ओळी झाल्या. पंप आला शेवटच्या ओळीत, तोही 'पंपाबाबत योग्य ती कार्यवाही व्हावी' एवढाच. कोणता पंप? कधीपर्यंत? काही नाही. सगळी अक्षरे माझ्याच अंगावरून गेली, आणि मला एकही अडवता आले नाही.

बुधवारी उत्तर आले, 'आपल्या मेलची नोंद घेतली आहे.' बाईंचा पारा चढला. त्यांनी दणादण कळा बडवत कंपनीचा निष्काळजीपणा काढला आणि तो मेल एकदम वीस जणांना धाडला. त्या विसांपैकी प्रत्येकाला वाटले, दुसरा कुणीतरी बघेल.

शुक्रवारी सकाळी पंप बंद पडला.

पाचही खुर्च्यांवर माणसे बसलेली होती. शेजारच्या रुग्णालयात चौघांनाच जागा मिळाली. मागे राहिले पाचवे, शिवणकाम करणारे शिंपीकाका. "मला तेवढी घाई नाही," असे म्हणाले खरे, पण त्यांचे पाय सुजून टम्म झाले होते आणि दम लागत होता. सिस्टर दुसरीकडे जागा मिळवण्यासाठी फोनवर फोन लावत होत्या. बाई पुन्हा मेल लिहायला बसल्या. एक ओळ लिहायच्या, पुसायच्या.

"काय लिहू हो? कसं लिहू?" त्या रडकुंडीला आल्या.

काका खुर्चीतूनच म्हणाले, "बाई, गिऱ्हाईक आलं की मी विचारतो... काय शिवायचं, माप काय, कधी हवं. बाकी गप्पा नंतर. तेवढंच लिहा."

बाईंनी डोळे पुसले आणि लिहिले. विषय, 'डायलिसिस बंद, पंप आज दुपारी दोनपर्यंत हवा'. खाली पंपाचा क्रमांक, रुग्णालयाचा पत्ता, स्वतःचा फोन नंबर आणि एकच वाक्य: 'एक रुग्ण खुर्चीत वाट पाहत आहे.' पाठवला एकाच माणसाला, सुटे भाग पाठवणाऱ्या अधिकाऱ्याला.

नवव्या मिनिटाला फोन वाजला. "पंप निघाला, बाई. अहो, आधीच लिहायचंत ना असं! पहिला मेल मला आभाराचा वाटला हो."

बाईंनी फोन खाली ठेवला. माझ्यावर दोन थेंब पडले.

पंप दीडला आला. पण बाराच्या सुमारास काकांचा श्वास घुसमटला होता आणि त्यांना अतिदक्षता विभागात हलवावे लागले होते. रविवारी त्यांची मुलगी त्यांची फाइल न्यायला आली. "बाबा गेले," एवढेच म्हणाली. बाईंनी फाइल दोन्ही हातांनी पुढे केली. त्यांची सगळी रेशमी भाषा त्या दिवशी आटली होती.

पुढे नवा कीबोर्ड आला आणि मी अडगळीच्या खोक्यात पडलो. त्याचे मला दुःख नाही. दुःख याचे की, तो सोमवार काही केल्या परत येत नाही.

मित्रांनो, हात जोडता आले असते तर जोडले असते. गोड जरूर लिहा, पण काय हवे आणि कधी हवे, ते पहिल्या ओळीत सांगा. ज्याने ते करायचे, त्यालाच सांगा. धाडण्याआधी एकदा वाचा. तुमच्या चौदा ओळी संपेपर्यंत कुणीतरी श्वास रोखून बसलेले असते.