दगड कुणी पाहिला

आरतीने त्या वाक्याखाली तांबड्या पेनाने रेघ ओढली आणि लातूर आगाराला फोन लावला.

‘परवा नांदेडहून येणाऱ्या आपल्या एसटीवर लोह्याजवळ तिकडच्या आंदोलकांनी दगडफेक केली. काचा फुटल्या, बायालेकरं रक्तबंबाळ झाली,’ असं त्या वाक्यात होतं. विभागीय आयुक्तालय लातूरला व्हावं की नांदेडला, या वादाने महिनाभर दोन्ही शहरं तापली होती. मोर्चे निघाले, बाजार बंद राहिले. पेपरच्या रविवारच्या अंकात दोन्ही बाजूंचे लेख शेजारी शेजारी छापायचे ठरले होते आणि ते पान आरतीकडे होतं. लातूरच्या बाजूचा लेख रेणापूरच्या भागवतरावांचा होता. ते तिथल्या कृती समितीचे पुढारी होते, आणि आरतीचे वडील.

आगारातून त्या गाडीच्या कंडक्टरचा नंबर मिळाला. सुदाम त्याचं नाव.

“दगड?” तो हसला. “कशाचा दगड, ताई? समोरून उसाची ट्रॉली आली. तिचा लोखंडी अँगल खिडक्यांला घासत गेला, काचा फुटल्या. एका म्हातारीच्या हाताला खरचटलं, बस. म्या रिपोर्ट बी दिलाय.”

तिने लोह्याच्या पोलीस ठाण्यातही विचारून घेतलं. दगडफेकीची तक्रारच नव्हती. मग तिने वडिलांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, “येतो,” एवढंच म्हणाले, आणि दुपार कलायच्या आत मोटारसायकलवरून पेपरच्या लातूरच्या कचेरीत हजर झाले. सगळ्यांनी उठून नमस्कार केला. त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही.

“काय अडलं?”

“बसचं वाक्य, अण्णा. दगडफेक झालीच नाही.”

भागवतरावांनी खिशातून मोबाईल काढून तिच्यासमोर धरला. “व्हिडिओ हाय. समितीच्या पोरांनी पाठवलाय.”

आरतीने तो शेवटपर्यंत पाहिला. सीटवर पसरलेला काचांचा चुरा, रिकाम्या खिडक्या, कुणाचं तरी रडणं. तिने मोबाईल परत दिला.

“काच फुटलेली दिसते. फोडणारा कुठंय?”

“माझ्या शब्दावर लोक रस्त्यावर येतेत, आन तू माझाच शब्द तपासायलीस?”

“रस्त्यावर येतात म्हणूनच. उद्या हे वाचून कुणी नांदेडच्या गाडीवर दगड मारला तर?”

भागवतराव खुर्चीत बसले. आरतीने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. तिचा आवाज जराही हलला नव्हता. अशी वाक्यं आता तिला लांबूनच ओळखू यायची. त्यांत रक्त असायचं, लेकरं असायची, फक्त पाहणारा कुणी नसायचा. नांदेडला पत्रकारितेच्या वर्गात मन्मथ सरांनी तिला हे शिकवलं होतं. शेजारचा दुसरा लेख त्यांचाच होता, नांदेडच्या बाजूचा.

“मी न्हाई काढणार,” भागवतराव म्हणाले. “तुला काढायचं तर काढ.”

तिने काढलं.

ते पाणी प्यायले, पण उठले नाहीत. टेबलावर पडलेली रविवारच्या पानाची कच्ची प्रत त्यांनी ओढून घेतली, चष्मा चढवला आणि सरांचा लेख वाचू लागले. शेतातलं काम करावं तसे, घाई न करता. मध्येच त्यांचं बोट थांबलं.

“‘लातूरच्या एका वसतिगृहातून नांदेडच्या मुलींना रातोरात खोल्या रिकाम्या करायला लावल्या.’ कोणतं गं हे वसतिगृह?”

आरतीने वाकून पाहिलं. नाव नव्हतं.

“कुणी पाहिलं?”

ते टोमणा मारत नव्हते. खरंच विचारत होते. नांदेडच्या का असेनात, पोरींना रात्री बाहेर काढलं असेल तर कुणी, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं.

आरतीने तो लेख दोनदा वाचला होता. त्यातल्या वेलांट्या सुधारल्या होत्या, एक परिच्छेद तोडून दोन केले होते. क्लासच्या मुलींची वसतिगृहं कचेरीमागच्या गल्लीपासूनच सुरू होत होती. रोज तिची स्कूटी त्याच गल्लीतून जायची. कुठेही थांबून विचारता आलं असतं. तिचे कान तापले.

तिने फोन उचलला. भागवतराव न सांगता उठून बाहेर व्हरांड्यात गेले.

“सर, आरती बोलतेय. त्या वसतिगृहाचं... तुम्ही स्वतः पाहिलंत का?”



“तू मला विचारतेस?”

“हो, सर.”

“आमच्या एका विद्यार्थ्याने सांगितलं होतं,” सर म्हणाले. “थांब. त्याला विचारून कळवतो.”

आरती गल्लीत जाऊन आली. दारोदार विचारलं. मुली जेवणाबद्दल तक्रार करत होत्या, नळाला पाणी नाही म्हणत होत्या. बाहेर काढल्याचं कुणालाच माहीत नव्हतं. ती परतली तेव्हा पान छपाईला सोडायची वेळ झाली होती आणि सरांचा फोन आला.

“त्यानेही ऐकलंच होतं,” सर म्हणाले. त्यांचा आवाज थकलेला वाटला. “काढून टाक ते.”

रविवारी ती रेणापूरला गेली. आई, कस्तुराबाई, चुलीपाशी चहा करत होती. ओसरीवर समितीची माणसं पेपर पसरून बसली होती.

“अण्णा, बसवरच्या दगडफेकीचं कापलं की पेपरवाल्यांनी,” व्यंकटी नावाचा तरुण म्हणाला. मग दारातल्या आरतीकडे पाहून त्याने आवाज खाली आणला. “घरच्याच माणसानं कापावं म्हंजे...”

“पेपरवाल्यांनी न्हाई,” भागवतराव म्हणाले. “मीच काढलं.”

“आन व्हिडिओ?”

“ट्रॉली घासलती.”

व्यंकटी चहा तसाच ठेवून उठला, चपला पायात अडकवून निघून गेला. त्याच्यामागे आणखी एकजण गेला. भागवतरावांनी त्यांना हाक मारली नाही. त्यांनी पेपर उरलेल्यांच्या पुढे सरकवला आणि शेजारच्या लेखावर बोट ठेवलं.

“हे नांदेडच्या सरांचं बी वाचा. बाजू चुकीची हाय त्यांची, पण लई नीट मांडलंय. आपल्याला त्याला उत्तर द्यायचंय.”